डिस्नेच्या टाइमशेअरमध्ये मालकांना काय कमी वाटतं, आणि ते मिळालं तर कोणाच्या खिशातून?

प्रश्न असा आहे. नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. दरवर्षी साधारण सहा रात्रींसाठी ऑरलँडोला जाणं होतं. डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्नेच्या टाइमशेअरचे (म्हणजे रिसॉर्टच्या वापरातला वाटा ठरावीक वर्षांसाठी विकत घ्यायची योजना) १५० पॉइंट थेट कंपनीकडून घ्यावेत असं मनात आहे. विक्री प्रतिनिधीने सवलतींची भलीमोठी यादी ऐकवली, म्हणून त्यांनी विचारलंय की जे आधीपासून मालक आहेत त्यांना या सभासदत्वात काय असायला हवं होतं असं वाटतं, आणि त्यातलं पुढेमागे काही मिळेल का?

मी सहलींची आखणी करते आणि माझ्याकडे या क्लबचे मालक सतत येत असतात. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या इच्छा एका शब्दात सांगायच्या तर तिकीट. बाकीचं सगळं त्याच्या मागे. पण नुसती यादी तुमच्या उपयोगाची नाही. प्रत्येक इच्छेपुढे मी एक प्रश्न ठेवते: ही गोष्ट द्यायची ठरली तर तिचे पैसे कोण भरणार? पार्क चालवणारी कंपनी, की मालकच आपल्या वार्षिक ड्यूजमधून, की मुळात पैशांचा प्रश्नच नसून फक्त एखादा नियम बदलायचाय? या तीन प्रकारांत इच्छा विभागल्या की कोणती हट्टाने मागावी आणि कोणती सोडून द्यावी हे आपोआप स्पष्ट होतं.

आधी मुळातला व्यवहार. क्लब १९९१ साली सुरू झाला, पहिलं रिसॉर्ट म्हणजे आजचं ओल्ड की वेस्ट. इथे ठरलेला आठवडा मिळत नाही, दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते खर्चून खोली धरायची. ज्या रिसॉर्टचा तुकडा तुमच्या नावावर आहे तिथे ११ महिने आधी आरक्षण करता येतं, बाकीच्या ठिकाणी ७ महिने आधी. करार कायमचा नाही. बोर्डवॉक, बीच क्लब, बोल्डर रिज ही २०४२ साली संपतात, रिव्हिएरा २०७० साली. दरवर्षीचे ड्यूज म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्सच: देखभाल, कर्मचारी, मालमत्ता कर, मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी, रिसॉर्टच्या बसगाड्यांचा वाटा. पार्कमध्ये पाऊल टाकायचं तिकीट यात कुठेच नाही. टाइमशेअर विकत घेणारे नवे लोक या एका ठिकाणी हमखास चक्रावतात. पार्कच्या मालकाकडून घर घेतलं तर पार्कचं दार उघडं असेल असं त्यांना वाटतं, आणि ते वाटणं मला अजिबात वेडेपणाचं वाटत नाही. सुरुवातीच्या काळात तसं होतंही. १९९०च्या दशकात पहिल्या खरेदीदारांना मुक्कामाच्या दिवसांची तिकिटं सोबत मिळत. ते आमिष क्लबचा जम बसेपर्यंतचं होतं, जम बसल्यावर ते गेलं.

आज त्या जागी काय आहे? मुख्य म्हणजे वार्षिक पास घेण्याची मुभा. सप्टेंबर २०२१मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डने, म्हणजे ऑरलँडोच्या डिस्ने पार्कांनी, पासांची नवी रचना आणली. त्यातला इन्क्रेडी-पास कोणालाही मिळतो, तेव्हा तो १,२९९ डॉलरला होता. सॉर्सरर पास ८९९ डॉलरला होता आणि तो फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना व क्लबच्या पात्र सभासदांना. त्यानंतर दोन्हींच्या किमती वाढल्या आहेत. सॉर्सररला थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या) आसपासचे आणि नाताळ ते नववर्षाचे दिवस बंद असतात. शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना नेमके हेच दिवस लागतात हे लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२१मध्ये या पासांपैकी बहुतेकांची नवी विक्री थांबवली गेली आणि ती एप्रिल २०२३मध्ये पुन्हा उघडली. म्हणजे मधली जवळजवळ दीड वर्षं नव्या मालकाला ही मुभा असून नसल्यासारखीच होती.

वर्षातून दोनदा-तीनदा जाणाऱ्याला हा पास उत्तम. पण तुमच्यासारखं वर्षातून एकदा सहा रात्री जाणाऱ्या घराचं गणित त्यात बसत नाही. चार पास काढायचे आणि ते आठवडाभर वापरून ठेवून द्यायचे, यापेक्षा पाच दिवसांची साधी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. (एक युक्ती जुने मालक करतात: पास अशा तारखेला सुरू करायचा की त्याच्या बारा महिन्यांत या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची अशा दोन सहली बसतील. पुढची सहल दोन आठवडे अलीकडे ओढता येत असेल तर ही युक्ती खरंच पैसे वाचवते.) साध्या बहुदिवसीय तिकिटावर मात्र सभासदांसाठी कायमची, भरवशाची सवलत नाही. अधूनमधून काहीतरी जाहीर होतं, पण त्यावर वर्षभर आधी बेत आखता येत नाही. शिवाय तिकिटाचा दर आता तारखेवर ठरतो. ऑक्टोबर २०१८पासून बहुदिवसीय तिकिटंही तारखेप्रमाणे महाग-स्वस्त झाली, आणि डिसेंबर २०२२मध्ये मॅजिक किंगडम या पार्कचं ऐन गर्दीतलं एका दिवसाचं तिकीट १८९ डॉलरपर्यंत गेलं.

म्हणून मालक म्हणतात, मुक्कामाच्या काळात तिकीट फुकट द्या. माझं स्पष्ट मत: हे मिळणार नाही, आणि मागूही नये. फुकट काहीच नसतं, ते ड्यूजमध्ये शिरेल. आणि ड्यूजमध्ये शिरलं की ते सगळ्यांवर बसेल. ओल्ड की वेस्टच्या मालकांत कितीतरी निवृत्त माणसं आहेत, जी पार्कमध्ये फारशी जातच नाहीत. तळ्याकाठी फिरतात, पोहतात, जेवण करून झोपतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या व्हेरो बीचला किंवा साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेडला तर जवळपास डिस्नेचं पार्कच नाही. त्यांनी तुमच्या मुलांची तिकिटं का भरावीत?

याच जातीची दुसरी मागणी म्हणजे मुदत संपत आलेले पॉइंट देऊन तिकीट मिळावं. ऐकायला इतकी रास्त वाटते की तिच्यामागची अडचण सांगायलाच हवी. पॉइंट म्हणजे पैसे नाहीत, खोलीच्या रात्री आहेत. तुम्ही पॉइंट देऊन क्रूझ किंवा दुसरं काही घेता तेव्हा क्लब त्या पॉइंटांच्या खोल्या रोख भाड्याने देऊन ती रक्कम उभी करतो. मुदत संपायला पंधरा दिवस राहिलेल्या पॉइंटांवर कोणती खोली आणि कोणाला भाड्याने देणार? म्हणून हा सौदा झालाच तर आठ-दहा महिने आधी पॉइंट सोडणाऱ्यालाच परवडेल असा होईल, आणि ती माणसं मुळात पॉइंट वाया घालवणारी नसतात.

मग तिकिटाबाबतीत मागावं काय? माझ्याकडे एक ठाम उत्तर आहे आणि ते मी भेटेल त्या मालकाला सांगते: येण्याच्या आणि निघण्याच्या दिवसाचं अर्ध्या दिवसाचं तिकीट. व्हिला दुपारी ४ वाजता ताब्यात मिळतो आणि सकाळी ११ला सोडावा लागतो. सहा रात्रींच्या मुक्कामात सात तारखा येतात, त्यातली पहिली आणि शेवटची तुटकी. या दोन दिवसांसाठी पूर्ण तिकीट काढणं जिवावर येतं, म्हणून बहुतेक घरं पाच दिवसांचं तिकीट काढतात. पहिल्या संध्याकाळी मुलं खिडकीतून मोनोरेल बघत बसतात आणि आईवडील त्यांना "उद्या, उद्या" म्हणत समजावतात. त्या संध्याकाळी चार तास एपकॉट पार्कमध्ये फिरता आलं, जेवण झालं, आतषबाजी बघितली, तर सहलीला अख्खा एक दिवस मिळाल्यासारखं होतं.

ही कल्पना हवेतली नाही. व्यावसायिक परिषदांसाठी डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना दुपारनंतरची आणि संध्याकाळची तिकिटं कंपनी विकत आली आहे. म्हणजे यंत्रणा आहे, दर ठरवण्याची पद्धत आहे, फाटकावरचं स्कॅनरही हे तिकीट ओळखतं. ते मालकांना, पॉइंटवरच्या मुक्कामाशी जोडून, चेक-इन आणि चेक-आउटच्या तारखांपुरतं विकायचं इतकंच बाकी आहे. फुकट नको, विकतच. कंपनीचं नुकसान काय? ज्या संध्याकाळी हे कुटुंब पार्कमध्ये येणारच नव्हतं त्या संध्याकाळी ते येतं, जेवतं, फुगा घेतं. हॅलोविन आणि नाताळच्या वेगळ्या तिकिटांच्या पार्ट्यांना मॅजिक किंगडम बाकीच्यांसाठी संध्याकाळी ६लाच बंद होतं, त्या तारखा वगळाव्यात. उरलेल्या दिवसांना हरकत असायचं कारण मला दिसत नाही. पैसे मालक स्वतः, स्वतःपुरते भरतोय, व्हेरो बीचच्या आजोबांच्या ड्यूजला हात लागत नाही.

तिकिटानंतरची मोठी ओरड रांगांची. १९९९मध्ये आलेला फास्टपास, म्हणजे ठरलेल्या वेळी लांब रांग टाळून राइडवर जायची सोय, फुकट होता. नंतर तो फोनवर आला आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी वेळ धरता यायची. २०२०च्या टाळेबंदीत तो थांबला, ऑक्टोबर २०२१मध्ये त्याजागी पैसे भरून घ्यायची जीनी प्लस आली आणि जुलै २०२४पासून तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. आता हॉटेलात राहणाऱ्याला ७ दिवस आधी निवड करता येते, बाहेरच्याला ३ दिवस आधी. मालकांना हे टोचतं, कारण त्यांनी करार केला तेव्हा रांग टाळणं हे मुक्कामाचाच भाग होतं आणि करार अजून वीस-तीस वर्षं चालायचाय. रोज एक लाइटनिंग लेन तरी सभासदाला मिळावी, ही मागणी मी रास्त मानते. ड्यूजशी तिचा संबंध नाही, खर्च पार्कच्या खिशातून. पण भावनेच्या भरात एक गोष्ट विसरली जाते: त्या मार्गिकेत शिरलेला प्रत्येक जण साध्या रांगेतल्या कोणाला तरी मागे ढकलतो. त्यामुळे "सगळ्या राइड्सना" अशी मागणी टिकणारी नाही. रोज एक, नव्या लोकप्रिय राइड्स वगळून, इतपत मागितलं तर तिच्यात दम आहे.

याच ठिकाणी मालकांच्या हातात आधीच असलेली एक चांगली गोष्ट वाया जाते. रिसॉर्टच्या सगळ्या पाहुण्यांना सकाळी अर्धा तास आधी प्रवेश आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण डिलक्स हॉटेलं आणि डिलक्स व्हिला यांत राहणाऱ्यांना ठरावीक रात्री पार्क बंद झाल्यावरही दोन तास जास्तीचे मिळतात. फ्लोरिडातली क्लबची रिसॉर्टं जवळजवळ सगळी याच गटात आहेत. मी कोणाचाही कार्यक्रम आखताना आधी त्या रात्री शोधते आणि बाकीचा आठवडा त्यांच्याभोवती बसवते. त्या दोन तासांत रांगा इतक्या ओसरतात की रोजची लाइटनिंग लेन हवी असं म्हणणारेही गप्प होतात. लहान मुलांना रात्री जागवायचं असतं हाच काय तो त्रास, म्हणून त्या दिवशी दुपारी मुलांना खोलीवर आणून झोपवा.

मूनलाइट मॅजिकबद्दल तुम्हाला प्रतिनिधीने नक्कीच भरभरून सांगितलं असेल, आणि ती खरोखर सुंदर गोष्ट आहे. २०१६पासून वर्षातल्या काही रात्री पार्क फक्त सभासदांसाठी उघडं ठेवतात, वेगळं तिकीट नाही, आइस्क्रीम आणि पॉपकॉर्नही मिळतं. सगळे म्हणतात रात्री वाढवा. मी म्हणते, रात्री आहेत तेवढ्याच ठेवा पण तारखा लवकर सांगा. आपल्या रिसॉर्टमध्ये ११ महिने आधी खोली धरणाऱ्या माणसाला त्या घडीला तारखा ठाऊक नसतात. नंतर तारीख जाहीर होते तेव्हा खोल्या संपलेल्या असतात, आणि विमानाने येणाऱ्याला मुक्काम हलवता येत नाही. लाभ मग गाडीने येऊ शकणाऱ्या फ्लोरिडाकरांच्याच पदरी पडतो. तारखा बारा महिने आधी जाहीर करायला एक पैसा लागत नाही.

विमानतळाची मॅजिकल एक्सप्रेस बस, २००५ ते जानेवारी २०२२, परत यावी असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं. परतीच्या सामानासकट सगळी जबाबदारी दुसऱ्याने घेणं याची किंमत दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन उतरलेल्यालाच कळते. पण ती सगळ्या पाहुण्यांसाठी होती, नुसत्या सभासदांसाठी परत आणायची तर खर्च ड्यूजवरच येईल. तेव्हा टॅक्सी. खाण्यावरच्या सवलतींचंही थोडक्यात: टेबल्स इन वंडरलँड हे कार्ड वार्षिक फी भरून सभासदांना घेता यायचं आणि पुष्कळ रेस्टॉरंटांत २० टक्के सूट मिळायची. ते बंद झालं, आता ठिकाणागणिक सूट वेगळी. एकच दर सगळीकडे लावला तर निदान हिशेब तरी करता येईल.

सभासदांसाठीच्या विश्रांतीकक्षाबद्दल मात्र थोडं जास्त लिहावंसं वाटतं. एपकॉटमध्ये इमॅजिनेशन पॅव्हिलियनच्या वरच्या मजल्यावर २०१६मध्ये असा कक्ष सुरू झाला. थंड हवा, बसायला सोफे, फुकट शीतपेय, फोन चार्ज करायची सोय. फार काही नाही. पण फ्लोरिडाच्या ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता, सत्तरीच्या सासूबाई आणि रडकुंडीला आलेलं मूल सोबत असताना, या खोलीइतकी मोलाची दुसरी गोष्ट पार्कमध्ये नाही. मालक झाल्याचा अभिमान माणसाला नेमका अशा जागी वाटतो, सवलतीच्या कार्डाने वाटत नाही. चारही पार्कांत असा एकेक कक्ष असावा ही मागणी मला सगळ्या यादीत सर्वांत शहाणी वाटते. जागा पार्कची, खर्च मुख्यतः विक्री विभागाचा, कारण तिथे क्लबची माहिती देणारी माणसंही बसतात आणि त्यातून नवे व पुरवणी करार होतात. कंपनीचा फायदा, मालकाचा फायदा, ड्यूजला धक्का नाही.

आता साफसफाई, ज्यावर मालकांची मनं सर्वांत जास्त कडवट होतात. हॉटेलासारखी रोजची सफाई इथे नाही. सात रात्रींपर्यंतच्या मुक्कामात चौथ्या दिवशी कचरा नेतात आणि टॉवेल बदलतात, बस. आठ किंवा जास्त रात्री असतील तर चौथ्या दिवशी पूर्ण सफाई. रोजची सफाई हवी तर पैसे भरून. सहा रात्री चार माणसं एका स्टुडिओत म्हणजे तिसऱ्या दिवशीच न्हाणीघराची काय अवस्था होते ते सांगायला नको. म्हणून "निदान मध्ये एकदा तरी नीट झाडून-पुसून द्या" ही मागणी. पण हा खर्च शंभर टक्के ड्यूजचा. आत्ताची पद्धत मालकांचे ड्यूज आवाक्यात ठेवण्यासाठीच आहे. तरी मी ही मागणी सोडत नाही, कारण पैसे कुठून यावेत याचं माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

मुक्कामाच्या तारखेला ६० दिवस उरले आणि खोली कोणी धरलेली नसली, तर व्यवस्थापन ती बाहेरच्यांना रोख भाड्याने देऊ शकतं. मालक याला ब्रेकेज म्हणतात. त्या उत्पन्नातून मालकांच्या संघटनेला वाटा मिळतो आणि तो ड्यूज कमी करायला वापरतात. पण त्या वाट्याला मर्यादा आहे, संघटनेच्या अंदाजपत्रकाच्या अडीच टक्क्यांपर्यंत. त्यावरचं कंपनीकडे जातं. पॉइंट वाया गेले ते मालकांचे, खोली रिकामी राहिली ती मालकांची, आणि तिची देखभालही मालकांच्या ड्यूजमधून. ही मर्यादा उचलून, नाहीतर निदान वाढवून, त्यातून प्रत्येक मुक्कामाला मध्ये एक सफाई द्यावी, असं माझं म्हणणं आहे. सवलतींच्या यादीत ही मागणी कोणी लिहीत नाही, कारण ती दिसायला सवलत नाही. पण माझ्या मते मालकांनी एकजुटीने एकच आर्थिक मागणी लावून धरायची असेल तर ती हीच. कागदपत्रांत लिहिलेली गोष्ट असल्यामुळे ती सोपी नाही, पण फुकट तिकिटाच्या मागणीपेक्षा तिला पाया नक्कीच जास्त भक्कम आहे.

पैसे न लागणाऱ्या गोष्टींची मात्र खरी चीड येते. चेक-इनच्या तारखेला ३० किंवा कमी दिवस उरले असताना आरक्षण रद्द केलं की पॉइंट होल्डिंग खात्यात जातात, आणि त्यांतून फक्त पुढच्या ६० दिवसांच्या आतलंच आरक्षण करता येतं. घरात कोणी अचानक इस्पितळात भरती झालं तर पुढचे दोन महिने सहलीला जाणार कोण? डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षातून एकदा ही अट शिथिल करायला काय हरकत आहे? पॉइंट पुढच्या वर्षात टाकायचे तर आपल्या यूज इयरच्या (पॉइंटांच्या बारा महिन्यांच्या वर्षाच्या) पहिल्या आठ महिन्यांतच टाकावे लागतात, त्यानंतर एक दिवसही चालत नाही. वेटलिस्टमध्ये नाव टाकलं की आपल्या पुढे कितीजण आहेत हे दिसत नाही. स्वस्त स्टुडिओंसाठी काही मालक हव्या त्या तारखेच्या कितीतरी आधीपासून आरक्षण धरतात आणि रोज एकेक दिवस पुढे सरकवत नेतात. ११ महिन्यांच्या सकाळी ८च्या ठोक्याला बसलेल्या नव्या मालकाला खोली संपलेली दिसते, आणि आपलं काय चुकलं हेच त्याला कळत नाही. या सगळ्याला एक चांगली संगणक प्रणाली आणि चार ओळींचे नियम पुरेत.

तुम्ही थेट कंपनीकडून घेताय म्हणून रिसेलचा, म्हणजे जुन्या मालकाकडून पॉइंट विकत घेण्याचा, मुद्दा तुम्हाला दूरचा वाटेल, पण तो जवळचा आहे, कारण उद्या विकायची वेळ आली तर तुमच्याकडून घेणारा रिसेलवालाच असेल. मार्च २०११नंतर रिसेलने घेतलेल्या पॉइंटांवर क्रूझसारख्या गोष्टी मिळणं बंद झालं. एप्रिल २०१६पासून अशा खरेदीदारांना सवलती, पासाची मुभा, सभासदांचे कार्यक्रम यांतून वगळलं. जानेवारी २०१९पासून रिसेलचे पॉइंट रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या रिसॉर्टांत चालत नाहीत, आणि रिव्हिएराचे रिसेल पॉइंट फक्त रिव्हिएरातच चालतात. सवलतींसाठी आज थेट कंपनीकडून घेतलेले किमान १५० पॉइंट लागतात. विक्री विभागाची बाजू मला समजते, सगळं सगळ्यांना दिलं तर थेट कोण घेणार? तरी एका खोलीत, एकाच ड्यूजवर राहणाऱ्या दोन मालकांत असा कायमचा भेद मला पटत नाही. दहा वर्षं बिनचूक ड्यूज भरणाऱ्या रिसेल मालकाला निदान सॉर्सरर पास घेऊ द्यावा. त्याने तो विकतच घ्यायचाय.

आता तुमचा निर्णय. वर सांगितलेल्यातलं पुढे काय मिळेल यावर एक डॉलरही लावू नका, आणि आज जे मिळतंय तेही कराराचा भाग धरू नका. टाइमशेअरसाठी फ्लोरिडात कायद्याचं ७२१वं प्रकरण आहे आणि त्यात अशा जास्तीच्या लाभांची वेगळी जात केलेली आहे. तुम्हाला मिळणाऱ्या कागदपत्रांतही लिहिलेलं असतं की सवलती, कार्यक्रम, पासाची मुभा हे सगळं आनुषंगिक आहे आणि कधीही बदलू किंवा थांबू शकतं. कराराने तुमचं होतं ते एवढंच: अमुक रिसॉर्टमध्ये अमुक पॉइंट, ठरलेल्या वर्षापर्यंत, आणि ११ महिन्यांचा अग्रक्रम. एका रिसॉर्टच्या वर्षभराच्या एकूण पॉइंटांत कंपनीला मनाप्रमाणे भर घालता येत नाही, फक्त हंगामांत इकडचे तिकडे करता येतात, हे संरक्षणही तुमचं.

तेव्हा हिशेब असा मांडा. एका बाजूला पॉइंटांची किंमत कराराच्या उरलेल्या वर्षांत वाटून अधिक दरवर्षीचे ड्यूज, ते दरवर्षी थोडे वाढतील असं धरून. दुसऱ्या बाजूला त्याच व्हिलाचं सहा रात्रींचं भाडं, पण कंपनीच्या छापील दराने नाही. दुसऱ्या मालकाकडून पॉइंट भाड्याने घेऊन पडेल त्या दराने धरा, कारण तुमच्यापुढचा खरा पर्याय तो आहे. सवलतींची रक्कम दोन्हीकडे शून्य. तिकिटं दोन्हीकडे सारखीच, पूर्ण किमतीची, आणि तिथे मुलांचं वय विसरू नका: डिस्नेत दहा वर्षांपासून मोठ्यांचं तिकीट लागतं, म्हणजे मुलगा आत्ताच त्यात आहे आणि मुलगी तीन वर्षांनी येईल. एवढं करूनही पॉइंट परवडत असतील तर जरूर घ्या, आणि जिथे खरोखर राहावंसं वाटतं तेच रिसॉर्ट घ्या, ७ महिन्यांच्या खिडकीत दुसरं मिळेल या आशेवर नको.

सही फ्लोरिडात केलीत तर ती केल्यापासून, किंवा शेवटचं कागदपत्र हाती पडल्यापासून, यातलं जे नंतर घडेल तिथून पुढे १० दिवस तुम्हाला कोणतंही कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. प्रतिनिधी समोर नसताना, घरी बसून, पब्लिक ऑफरिंग स्टेटमेंट, म्हणजे टाइमशेअरच्या अटींचं अधिकृत माहितीपत्रक, त्या दहा दिवसांत वाचून काढा. त्यात ब्रेकेजचा भाग आणि आनुषंगिक लाभांचा भाग आधी शोधा. घेतलंच, तर मालकांच्या संघटनेची वार्षिक सभा डिसेंबरमध्ये फ्लोरिडात होते आणि तिथे अंदाजपत्रकावर प्रश्न विचारता येतात. अर्ध्या दिवसाच्या तिकिटाचा आणि मधल्या सफाईचा प्रश्न तिथे लेखी पाठवा. माझ्या ओळखीचे मालक पाठवतात, त्यात तुमची भर पडेल.